बझर्ड उपसागरांतील बास मासा

फुरसतीचा दिवस कसा घालवावा याविषयीं प्रत्येक देशाची कल्पना निराळी असते. आपल्याकडे सुटी मिळाली कीं मनुष्य उशिरां उठतो, दुपारीं पान खाऊन लवंडतो, आणि फारच झालें तर संध्याकाळीं देवळापर्यंत जाऊन येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मनुष्य तीच सुटी उपभोगण्यासाठीं पहांटे तीन वाजतां उठतो, थंडींत कुडकुडत होडींत जाऊन बसतो, आणि पाण्यांत दोरी सोडून दुपारपर्यंत गप्प रहातो. मासा मिळाला तर उत्तमच. न मिळाला तरी दिवस सत्कारणीं लागला असें तो समजतो. २०२४ सालच्या जून महिन्यांत आमच्या पुतण्याकडे मॅसॅच्युसेट्स संस्थानांत मुक्कामास असतांना असा एक दिवस आमच्याहि वांट्यास आला. त्या दिवशीं जो मासा आम्हीं पाहिला त्याची पूर्वपीठिका पुढें शोधूं लागलों, तों ती चारशें वर्षें मागें गेली, आणि तींत भूक, कायदा, शाळा, श्रीमंतांची चैन व संस्थाना-संस्थानांतील भांडणें हीं सर्व निघालीं. ती हकीकत वाचकांस सांगावी एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

मॅसॅच्युसेट्सच्या दक्षिण अंगास बझर्ड्स बे नांवाचा उपसागर आहे. लांबी सुमारें अठ्ठावीस मैल, रुंदी आठ मैलांच्या आसपास. एका बाजूस मुख्य भूमि, दुसऱ्या बाजूस एलिझाबेथ बेटांची माळ, आणि त्या माळेच्या टोंकास कटिहंक नांवाचें लहानसें बेट. येथें आलेल्या इंग्रजांनीं मासे धरणाऱ्या मोठ्या घारींस बझर्ड नांवाचा दुसराच पक्षी समजून उपसागराचें हें नांव ठेवलें असें म्हणतात. चूक पक्ष्यांच्या बाबतींत झाली, ती नकाशावर कायम राहिली. उन्हाळ्यांत सकाळीं येथील पाणी कांचेसारखें असतें. दुपारीं नैर्ऋत्येचा वारा सुटला कीं आंखूड, उभ्या लाटा उठूं लागतात व लहान होडीस घर गांठावें लागतें. पहांटेची घाई ती यासाठीं. आमच्या होडीचा मालक म्हणजे पुतण्याचा शेजारी, सत्तरी उलटलेला एक सुतार. पुतण्यानें आम्हांस आदल्या रात्रींच बजावलें होतें, "काका, लोंकरीचा सदरा घ्या आणि रबरी तळाचे जोडे घाला. आणि म्हातारबोवा बोलत नाहींत म्हणून वाईट वाटून घेऊं नका." म्हातारबोवांनीं खरोखरच पहिले दोन तास तोंडांतून शब्द काढला नाहीं. इंजिन बंद करून ओहोटीच्या ओढीबरोबर होडी खडकांच्या कडेनें वाहूं द्यायची, गळास जिवंत वाम लावून दोरी सोडायची, आणि वाट पहायची, एवढाच उद्योग. समोर कटिहंकचा डोंगरउतार धुक्यांतून हळूहळू वर येत होता.

ज्याची वाट पहायची तो मासा म्हणजे पट्टेदार बास. रुपेरी अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, जणूं कोणीं पट्टी धरून वहीवर आंखलेल्या. उत्तरेकडील लोक त्यास 'स्ट्राइपर' म्हणतात, चेसापीक उपसागराकडील लोक 'रॉकफिश' म्हणतात. अलिबागेकडील वाचकांनीं जिताड्याचें स्मरण केलें म्हणजे मांसाचा पांढरेपणा आणि खवय्यांमधील मान या दोन्ही गोष्टींची कल्पना त्यांस येईल. फरक एका बाबतींत आहे व तो महत्त्वाचा आहे. जिताडा अंडीं घालण्यासाठीं गोड्या पाण्यांतून खाऱ्याकडे उतरतो. बास हा समुद्रांतून नदींत चढतो, सिंधु नदींतील पल्ल्यासारखा किंवा बंगाल्यांच्या इलिशसारखा. वसंत ऋतूंत मादी वाहत्या गोड्या पाण्यांत लक्षावधि अंडीं सोडते. तीं तळाशीं जाऊन गाळांत बसलीं तर गुदमरून मरतात. म्हणून दोन-तीन दिवस त्यांस अधांतरीं ठेवील एवढा प्रवाह लागतो. अशा नद्या अटलांटिक किनाऱ्यावर थोड्या आहेत: हडसन, डेलावेअर, आणि सर्वांहून अधिक महत्त्वाच्या म्हणजे चेसापीक उपसागरास मिळणाऱ्या नद्या. तेव्हां बझर्ड उपसागरांत जून महिन्यांत दिसणारा मासा पुष्कळदां चारशें मैलांवरील मेरीलंड किंवा व्हर्जिनियांतल्या नदींत जन्मलेला असतो. उन्हाळा येथें काढून हिंवाळ्यापूर्वीं तो पुन्हां दक्षिणेस जातो. माशाचें माहेर एका संस्थानांत, उन्हाळ्याचें बिऱ्हाड दुसऱ्या संस्थानांत, आणि वाटेंत गळ व जाळीं घेऊन बसलेलीं आणखी पांच-सहा संस्थानें! पुढील बहुतेक भांडणांचें मूळ या भूगोलांत आहे.

कटिहंक बेटावर १६०२ सालीं बार्थोलोम्यू गॉस्नोल्ड हा इंग्रज कप्तान उतरला व कांहीं आठवडे राहून परत गेला. शेजारच्या भूशिरास 'केप कॉड' हें माशाचें नांव त्यानेंच दिलें. किनारा अर्थात् ओसाड नव्हता. वांपानोग लोक पिढ्यान्‌पिढ्या येथें शेती व मासेमारी करीत होते. त्यांचे नकाशे छापले गेले नाहींत, एवढेंच. १६१४ सालीं कॅप्टन जॉन स्मिथ या किनाऱ्यानें फिरला. ओहोटीच्या वेळीं नदीच्या तोंडाशीं अडकलेले बास पाहून, यांच्या पाठींवरून पाय न भिजवतां पलीकडे जातां येईल कीं काय असें आपणांस वाटलें, असें तो लिहितो. प्रवाशांच्या लेखांत अतिशयोक्ति असावयाचीच, व ज्यांस वसाहतीसाठीं माणसें गोळा करावयाचीं असतात त्यांच्या लेखांत ती दुपटीनें असते. स्मिथ हा त्यांपैकींच होता. परंतु १६३४ सालीं विल्यम वुड याचें जें पुस्तक छापलें गेलें त्यांतहि हीच साक्ष आहे. भरती पूर्ण झाली कीं खाडीच्या तोंडास लांब जाळें आडवें लावावें, ओहोटीनें पाणी निघून जावें, आणि एका खेपेस दोन-तीन हजार मासे कोरड्यावर सांपडावे. ही रीत कोंकणांतल्या कोणाहि कोळ्यास समजावून सांगण्याची गरज नाहीं. वुड हा खाण्याचा शौकी असावा. बासाच्या डोक्यांतील बशीभर मगजाची त्यानें केलेली तारीफ वाचतांना एखादा मालवणी गृहस्थ पाटावर बसून बोलत आहे असें वाटतें.

पण वसाहतवाल्यांची या माशाशीं खरी ओळख भुकेच्या दिवसांत पटली. १६२० सालीं प्लिमथ येथें उतरलेल्या मंडळींपैकीं जवळजवळ निम्मीं माणसें पहिल्या हिंवाळ्यांतच मेलीं. १६२३ च्या उन्हाळ्यांत, नवें पीक यावयाचें होतें व जुनें धान्य संपलें होतें, अशा वेळीं वसाहतीजवळ कामाची होडी एकच उरली होती. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानें आपल्या इतिहासांत त्या दिवसांचें वर्णन केलें आहे. सहा-सहा सात-सात जणांच्या टोळ्या पाडल्या; एक टोळी जाळें घेऊन जाई, ती परत आली कीं दुसरी त्याच होडींतून निघे. रिकाम्या हातीं कोणीं परतावयाचें नाहीं, मग पांच-सहा दिवस लागले तरी चालतील. कारण घरीं कांहीं नाहीं हें जाणारास ठाऊक असे व मोकळ्या हातानें येणें म्हणजे सर्वांचें तोंड उतरविणें. त्या जाळ्यांत येणारा मासा मुख्यतः बास होता. आम्ही ज्या होडींत खुर्च्या टाकून बसलों होतों, तिच्यांत थर्मासमधील कॉफी व पुतण्याच्या बायकोनें दिलेले पराठे होते, हें येथें नमूद केलें पाहिजे.

पोटास मिळूं लागल्यावर मनुष्य किती लवकर उधळा होतो पहा. मक्याच्या मुळाशीं मासे पुरले म्हणजे पीक चांगलें येतें ही विद्या टिस्क्वांटम नांवाच्या मूळ रहिवाशानें वसाहतवाल्यांस शिकविली होती. तो त्यासाठीं हेरिंग जातीचे लहान मासे वापरीत असे. पण बास जाळ्यांत गाडीगाडीनें सांपडूं लागले तेव्हां शेतकऱ्यांनीं तेहि शेतांत पुरण्यास आरंभ केला. अखेर १६३९ सालीं मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीच्या सभेनें हुकूम काढला कीं बास व कॉड हे मासे खतासाठीं वापरूं नयेत. अमेरिकेंतील मत्स्यरक्षणाच्या अगदीं पहिल्या कायद्यांत याची गणना होते. कायदा माशावरील दयेचा नव्हे. माणसाचें अन्न मातींत घालूं नये, इतकाच त्याचा अर्थ. तरीपण बासाच्या बाबतींत 'आतां पुरे' हा शब्द सरकारी कागदावर उमटला तो तेव्हांपासून.

याच माशासंबंधीं दुसरा एक ठराव १६७० सालचा आहे, व तो वाचून आम्हांस या सर्व इतिहासांत जितका आनंद झाला तितका दुसऱ्या कशानेंहि झाला नाहीं. केप कॉड येथील बास, मॅकरल व हेरिंग यांच्या मासेमारीपासून प्लिमथ वसाहतीस जें उत्पन्न येईल तें मोफत शाळा चालविण्याकडे लावावें, असा तो ठराव होता. मूठ मूठ तांदूळ गोळा करून मराठी शाळा चालविल्याचीं उदाहरणें आपल्याकडे आहेत. पण माशाच्या उत्पन्नावर मुलांनीं मुळाक्षरें गिरवावीं ही कल्पना आमच्या मत्स्याहारी वाचकांस विशेष गोड लागेल. जो मासा पन्नास वर्षांपूर्वीं बापाला उपासमारींतून वांचवीत होता तो आतां नातवाचा मास्तर झाला.

यानंतरचीं दोनशें वर्षें आम्ही झपाट्यानें ओलांडतों, कारण त्यांत जाळीं मोठीं होत गेलीं आणि मासे कमी होत गेले यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र कांहीं निराळेंच घडलें: कामाचा मासा चैनीचा झाला. १८६४ सालीं न्यूयॉर्कच्या धनिक मंडळींनीं कटिहंक बेटावर बास मारण्यासाठीं एक क्लब काढला. याच सुमारास जवळच्या पास्क बेटावर, र्‍होड आयलंडकडील वेस्ट आयलंडवर, मार्थाज व्हिनयार्डच्या स्क्विबनॉकेट किनाऱ्यावर तसेच क्लब निघाले. किनाऱ्यावरील खडकांत लोखंडी खांब ठोकून त्यांवर फळ्यांचे अरुंद पूल समुद्रांत पुढें काढलेले असत, व प्रत्येक पुलाच्या टोंकास एक बैठक. कोणती बैठक कोणास याच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीं काढीत. पहांटे गृहस्थ जाऊन बैठकीवर बसावयाचे. बरोबर एक नोकर असावयाचा. आमिष कापणें, माशांस भुलविण्यासाठीं कापलेले तुकडे लाटांत फेंकीत रहाणें, आणि गळास लागलेला मासा आंकडीनें वर ओढणें हीं सर्व कामें त्याचीं. साहेबांनीं फक्त काठी धरावयाची! आमिष म्हणून लॉब्स्टर, म्हणजे आपल्या शेवंडीचा दांडग्या नांग्यांचा भाऊबंद, सढळ हातानें वापरला जाई. आज जो जिन्नस हॉटेलांत मागवितांना मनुष्य प्रथम किंमतीचा आंकडा पहातो, तो त्या काळीं माशांस घालीत. क्लबांत वह्या असत व प्रत्येक मासा वजनासह टिपला जाई. पन्नास पौंडांचा, म्हणजे आपल्या जुन्या भाषेंत पन्नास रत्तलांचा, मासा मिळणें ही त्या वह्यांत नवलाची गोष्ट नव्हती. शतक संपत आलें तशा त्याच वह्या ओस पडत गेल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं क्लबहि मोडकळीस आले.

मासे कोणीं संपविले? हा प्रश्न क्लबवाल्यांच्या ऐन भरभराटींतच निघाला होता. किनाऱ्यालगत खुंट पुरून बांधलेलीं मोठीं सापळ्याचीं जाळीं तेव्हां सर्वत्र पसरलीं होतीं. गळवाले म्हणत, हीं जाळीं वसंतांत येणारा मासा अंडीं घालण्यापूर्वींच गिळतात. जाळेंवाले म्हणत, समुद्र अथांग आहे, मासा दुसरीकडे गेला असेल, आणि या हौशी लोकांना गरिबाचें पोट कळत नाहीं. दोन्हीकडून कायदेमंडळांवर अर्जांचा पाऊस पडला. १८७१ सालीं अमेरिकन काँग्रेसनें याच्या चौकशीसाठीं मत्स्यखात्याची स्थापना केली व स्पेन्सर बेअर्ड या शास्त्रज्ञास त्याचें मुख्य नेमलें. त्यानें आपलें ठाणें दिलें तें बझर्ड उपसागराच्याच तोंडावर, वुड्स होल या गांवीं. आज जगभर प्रसिद्ध असलेलें तेथील समुद्रविज्ञानाचें पीठ अशा रीतीनें गळवाले व जाळेंवाले यांच्या भांडणांतून उगवलें आहे. बेअर्डनें किनाऱ्यावर फिरून साक्षी घेतल्या व सापळ्यांच्या जाळ्यांवर आठवड्यांतून कांहीं दिवस तरी बंदी असावी असा अभिप्राय दिला. याच सुमारास, १८८३ सालीं, इंग्लंडांत टॉमस हक्सले यानें असें मत मांडलें कीं कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या समुद्रांतील मासेमारी बहुधा न संपणारी आहे. हक्सलेचें हें मत पुढें त्याच्याच नांवावर डाग होऊन राहिलें. पण न्यायाची गोष्ट ही कीं नदींत चढणाऱ्या माशांस त्यानें या विधानांतून वगळलें होतें. नदीचें तोंड अडवितां येतें, समुद्राचें येत नाहीं, हें त्यास कळत होतें. त्याचें नांव घेऊन जाळीं टाकणारे हा अपवाद सोयीस्करपणें विसरले.

पूर्वेस असा वाद चालू असतांना या माशाचें एक बिऱ्हाड पश्चिमेस गेलें. ती गोष्ट एखाद्या अद्भुत कथेसारखी आहे. लिव्हिंग्स्टन स्टोन हा मत्स्यखात्याचा अधिकारी. खंडाच्या आरपार आगगाडी १८६९ सालीं सुरू झाली, तेव्हां पूर्वेचे मासे पश्चिमेच्या महासागरांत नेऊन सोडावे असें त्याच्या मनानें घेतलें. १८७३ सालीं तो नाना जातींचे मासे भरलेला एक खास डबा घेऊन निघाला. नेब्रास्कांत एल्कहॉर्न नदीवरचा पूल ढांसळला व डबा माशांसह नदींत गेला. दुसरा कोणी असता तर हात जोडून घरीं बसला असता. १८७९ सालीं स्टोननें न्यूजर्सींतील नाव्हेसिंक नदींतून बोटाएवढीं बासाचीं पिलें धरलीं, बरण्यांत भरलीं, आणि वाटेंत पाणी थंड ठेवीत व हलवीत तीं कॅलिफोर्नियास नेलीं. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या वरच्या अंगास कार्किनेझ सामुद्रधुनींत सोडलीं तेव्हां तीं १३२ भरलीं. १८८२ सालीं आणखी सुमारें ३०० नेलीं. एवढेंच बीं; पण तेथें उपसागर होता, त्यास मिळणाऱ्या सॅक्रामेंटो व सॅन होआकिन या दोन मोठ्या वाहत्या नद्या होत्या, आणि प्रतिस्पर्धी थोडे होते. दहा वर्षांत मासा बाजारांत आला. १८९९ सालीं एका वर्षाची विक्री बारा लक्ष रत्तलांच्या वर गेली! म्हणजे कटिहंकच्या वह्या कोऱ्या पडत होत्या त्याच वर्षांत, तीन हजार मैलांवर, चारशें-साडेचारशें पिलांच्या वंशानें उपसागर भरून टाकला. १९३५ सालीं कॅलिफोर्नियानें हा मासा विक्रीसाठीं धरण्यास बंदी करून तो केवळ गळवाल्यांसाठीं राखला. पुढें त्या नद्यांचें पाणी शेतीकडे व शहरांकडे वळविलें गेलें तसा तेथेंहि तो रोडावला. आणि आतां तर मूळच्या सॅमन माशाचीं पिलें हा उपरा खातो अशी फिर्याद त्याच्यावर आहे. आमंत्रण देऊन आणलेल्या पाहुण्यावर चोरीचा आळ यावा, तसा हा प्रकार.

आतां पुन्हां पूर्वेस येऊं. कटिहंकजवळच क्विक्स होल नांवाची एक अरुंद सामुद्रधुनी आहे. तेथें १९१३ च्या ऑगस्टांत चार्ल्स चर्च या गृहस्थानें लहान होडींतून, वाम लावलेल्या गळावर, ७३ रत्तलांचा बास धरला. मोठ्या माशांचें युग संपत आलें असतां मिळालेल्या या माशाचा उच्चांक १९८१ पर्यंत मोडला नाहीं. मध्यंतरीं १९३४ सालीं चेसापीककडे पिलांचें अपूर्व पीक आलें व दोनच वर्षांत उत्तरेचा किनारा बासांनीं पुन्हां गजबजला. डॅनियल मेरिमन या तरुण संशोधकानें १९३६ ते १९३८ पर्यंत कनेक्टिकट किनाऱ्यावर माशांचीं मापें घेऊन, खुणा बांधून, या गर्दीचें मूळ मुख्यतः दक्षिणेकडे आहे हें दाखविलें. एखाद्या चांगल्या वर्षाची कमाई पुढें दहा वर्षें पुरते, व ती कमाई म्हणजेच कायमची आमदनी असा समज करून घेऊन लोक खर्च वाढवितात, हें त्याच्या निबंधावरून ज्यास समजावयाचें त्यास समजलें असतें.

तें समजलें नाहीं. १९६५ सालीं मेरीलंडनें या माशास आपल्या संस्थानाचा अधिकृत मासा केलें. १९७३ सालीं अटलांटिक किनाऱ्यावर विक्रीसाठीं धरलेला बास सुमारें १४७ लक्ष रत्तल भरला. हा उच्चांक होता. दहा वर्षांच्या आंत तो आंकडा एक चतुर्थांशाच्याहि खालीं गेला. नद्यांत कारखान्यांची घाण होती, पाण्याचा गुण बिघडला होता, परंतु सर्वांत उघड कारण म्हणजे अंडीं घालण्याच्या वयास पोंचण्यापूर्वींच माद्या मारल्या जात होत्या. तरी प्रत्येक संस्थान म्हणे, आधीं शेजाऱ्यानें थांबावें. म्हातारबोवा ज्या दोन-चार गोष्टी त्या दिवशीं बोलले त्यांत एक या काळची होती. ऐंशीच्या सुमारास, ते तिशींत असतांना, सबंध उन्हाळाभर ते याच खडकांशीं येत आणि संपूर्ण हंगामांत त्यांस एकच मासा मिळाला. "तो ठेवला कीं सोडला?" आम्हीं विचारलें. "खाल्ला," ते म्हणाले, व दोरीकडे पाहूं लागले.

१९८४ सालीं काँग्रेसनें कायदा केला कीं जें संस्थान ठरलेले नियम पाळणार नाहीं तेथील बासाची मासेमारी मध्यवर्ती सरकार बंद करील. १९८५ च्या जानेवारींत मेरीलंडनें आपल्याच अधिकृत माशास हात लावण्यास संपूर्ण बंदी केली. हिशेब सरळ होता: १९८२ सालीं पिलांची जी बरी पैदास झाली होती तींतील शंभरांपैकीं पंचाण्णव माद्यांनीं एकदां तरी अंडीं घालीपर्यंत त्यांस जपावयाचें. चेसापीकवरील कोळ्यांचीं कित्येक घराणीं पिढ्यान्‌पिढ्या याच माशावर जगत आलीं होतीं. त्यांचें चुलाण बंद होऊन उत्तरेकडच्या हौशी गृहस्थांची करमणूक पुढें वांचणार, हा त्यांचा संताप खोटा म्हणतां येत नाहीं. ज्यांनीं तो सोसला त्यांचीं नांवें कोठें कोरलेलीं नाहींत. बंदी किती दिवस ठेवावयाची, याचेंहि माप ठरलेलें होतें. मेरीलंडमध्यें १९५४ पासून दर उन्हाळ्यांत नदीकांठच्या ठराविक बावीस जागीं ओढजाळें ओढून एका ओढींत सरासरीनें किती पिलें येतात तें मोजतात. तीन वर्षांची सरासरी ८ झाली कीं बंदी उठवावयाची. १९८९ सालीं पिलें इतकीं आलीं कीं ती अट पुरी झाली, १९९० पासून थोडथोडी मासेमारी सुरू झाली, आणि १९९५ सालीं हा मासा सावरला असें जाहीर करण्यांत आलें. मनुष्यानें संपवीत आणलेली गोष्ट मनुष्यानें हात आवरल्याबरोबर परत आली, असें उदाहरण विरळा.

यानंतर कथा संपावयास हवी होती. पण २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत साठा पुन्हां मर्यादेखालीं गेल्याचें आढळलें; आणि त्याच वर्षापासून मेरीलंडच्या जाळ्यांतील पिलांचा आंकडा सतत घसरलेला राहिला. दीर्घकालीन सरासरी सुमारें ११. २०२३ सालीं तो १ होता. यावेळीं सापळ्याच्या जाळ्यांस दोष देऊन सुटतां येत नाहीं. आतां माणसाच्या हातून मरणाऱ्या बासांपैकीं फार मोठा भाग हौशी गळवाल्यांच्या खातीं पडतो. गंमत ही कीं हे गळवाले आज बहुतेक मासे सोडूनच देतात. सोडलेल्या शंभरांपैकीं सुमारें नऊ मरतात असें शास्त्रज्ञ धरून चालतात. नऊ हा आंकडा लहान दिसतो. परंतु सोडलेल्या माशांची संख्या कोटींच्या घरांत गेली म्हणजे लोकांनीं घरीं नेऊन खाल्लेले मासे आणि दयेनें सोडून मारलेले मासे यांचीं पारडीं जवळजवळ सारखीं होतात, व कित्येक वर्षीं झालींहि आहेत. प्लिमथच्या उपाशी टोळीनें एकहि मासा असा वायां घालविला नसता. आम्हांस येथें गळवाल्यांचा उपहास करावयाचा नाहीं. आम्ही त्याच होडींत बसलों होतों. आमिष लावलेला गळ आंत वळलेल्या टोंकाचाच पाहिजे, म्हणजे तो माशाच्या पोटांत न जातां ओठाच्या कोपऱ्यांत अडकतो, असा नियम २०२१ पासून सर्व किनाऱ्यावर आहे. २०२३ पासून समुद्रावर माणशीं एकच मासा, तोहि २८ इंचांहून कमी नाहीं व ३१ इंचांहून अधिक नाहीं, एवढाच घरीं नेतां येतो. अगदीं लहान वाढावा म्हणून सोडावयाचा, आणि मोठी मादी पुष्कळ अंडीं देते म्हणून तीहि सोडावयाची.

साडेनऊच्या सुमारास पुतण्याच्या काठीचें टोंक एकदां हललें व मग एकदम वांकलें. दोरीचें चाक किंचाळूं लागलें. "काका, काठी धरा! सोडूं नका!" असें म्हणून त्यानें काठी आमच्याच हातीं दिली. आमचे हात थरथरत होते हें कबूल करावयास हरकत नाहीं. पांच-सात मिनिटांची ओढाताण झाली, आमच्यापेक्षां माशास समुद्राची माहिती अधिक असल्यामुळें तो दोनदां होडीखालीं गेला, आणि अखेर त्याची रेघांची कूस पाण्याच्या पृष्ठाशीं चमकली. म्हातारबोवांनीं हात ओले करून तो वर घेतला व होडीच्या कांठावर चिकटविलेल्या मोजपट्टीवर धरला. चौतीस इंच.

"सोडावा लागणार, काका," पुतण्या म्हणाला.

गळ ओठाच्या कोपऱ्यांतच होता; तो सहज निघाला. म्हातारबोवा गुडघे टेंकून कांठाशीं वांकले, व माशाचा खालचा ओठ धरून त्याचें तोंड प्रवाहाकडे करून त्यास पाण्यांत धरून ठेवलें. कल्ले उघडत-मिटत होते. एक मिनिट गेलें, दुसरें गेलें. जगेल का, असें विचारण्याचें आमच्या ओठांवर आलें होतें, पण विचारलें नाहीं. मग शेपटीचा एक फटकारा बसला, आमच्या चष्म्यावर खारें पाणी उडालें, आणि चष्मा पुसून पहातों तों म्हातारबोवांचा हात मोकळा होता. ते उठले, नैर्ऋत्येकडे एकदां पाहिलें, आणि इंजिन सुरू केलें. वारा सुटूं लागला होता.